रीवर्कवाले काकाजी

काही माणसांना तयार गोष्ट चालतच नाही. ती दुसऱ्या कुणी लिहिली, छापली, तिच्यावर सिनेमा काढला, त्या सिनेमाने गल्ला भरला, तरी यांच्या लेखी ती कच्चीच. सत्यनारायणाच्या कथेत साधुवाण्याची नौका आली, की "एवढा माल भरलेला, विमा का नाही काढला?" असं गुरुजींना नेमकं ऐकू जाईल इतक्या हळू आवाजात विचारणारे एक मामा प्रत्येक घराण्यात असतात. मालिका बघताना "हिने आत्ता एक फोन केला असता तर पुढचे दोनशे भाग वाचले असते" म्हणणारी आत्याही असते. चेन्नईजवळच्या आमच्या एन्नोरमध्ये मराठी घरं मोजकीच. त्यामुळे आम्हा सगळ्यांत मिळून असा एकच माणूस वाट्याला आला आहे. ते म्हणजे काकाजी. त्यांचा विषय मात्र साधुवाणी नाही की मालिकेतली सून नाही. त्यांचा विषय सुपरहिरो.

काकाजी मूळचे भंडाऱ्याचे. विदर्भात काकाच्या मागे 'जी' लागतोच, पण इथल्या तमिळ शेजाऱ्यांना ते त्यांचं नावच वाटतं, त्यामुळे गॅसवालाही "काकाजी सार" अशी हाक मारतो. गडेगावला अशोक लेलँडचा कारखाना 1982 मध्ये सुरू झाला, तिथे गिअरबॉक्स बनायचे. काकाजी तिथे क्वालिटी खात्यात लागले आणि पुढे बदली होऊन एन्नोरला आले. कंपनीची सुरुवात इथलीच. 1948 मध्ये अशोक मोटर्स या नावाने, ऑस्टिन गाड्या जोडायला. रिटायर झाल्यावर भंडाऱ्याला परत जायचं ठरलं होतं. पण मुलगा चेन्नईतच चिकटला, काकूंना इथल्या मासळीबाजारातल्या बायकांशी खाणाखुणांनी भांडायची गोडी लागली, आणि ते राहून गेलं.

उभ्या नोकरीत काकाजींनी एकच काम केलं. दुसऱ्याने केलेला माल तपासायचा आणि त्यावर शेरा मारायचा: ओके, रीवर्क किंवा स्क्रॅप. अख्खी सृष्टी या तीन खोक्यांत बसते यावर त्यांचा ठाम विश्वास आहे. "स्क्रॅप कराले अक्कल लागत नाही," ते म्हणतात. "रीवर्क कराले माणूस लागते." नातवाबरोबर ते पहिल्यांदा सुपरहिरोचा सिनेमा बघायला गेले, तेव्हा अर्ध्या इमारती कोसळल्या, आभाळ फाटलं, थिएटरातली पोरं खुर्च्यांवर उभी राहिली. मध्यंतरात पॉपकॉर्नच्या रांगेत काकाजींनी निकाल दिला, "माल चांगला आहे. फिनिशिंग बेकार. रीवर्क होऊन जाईल."

आणि ते कामाला लागले.

साहित्य ठरलेलं. जाड पुठ्ठ्याचं लाँगबुक, पट्टीने आखलेले रकाने, हिरवा पेन आणि लाल पेन. गोष्ट ते गोष्टीसारखी लिहीत नाहीत, शिफ्टच्या लॉगबुकसारखी लिहितात. डावीकडे वेळ, मध्ये घटना, उजवीकडे शेरा, तळाशी 'तयार केले', 'तपासले' आणि 'मंजूर' यांसाठी तीन चौकोन. 'तयार केले' आणि 'तपासले' यांत त्यांचीच सही असते. 'मंजूर'चा चौकोन मोकळा ठेवतात. आपलाच माल आपण मंजूर करायचा नाही, हा नियम त्यांनी रिटायर झाल्यावरही मोडलेला नाही.

त्यांचं खास हत्यार म्हणजे पाच काऊन. जपानी गाडीवाल्यांनी बिघाडाच्या मुळाशी जायला पाच वेळा 'का?' विचारायची पद्धत काढली, ती कारखान्याच्या ट्रेनिंगमध्ये काकाजींना शिकवली, आणि भंडाऱ्याच्या माणसाच्या तोंडात तिचे पाच काऊन झाले. बॅटमॅनवर ते कसे चालले ते मी समोर बसून ऐकलं आहे.

"हा बॅटमॅन रात्री फिरून राहिला. काऊन? मायबाप मारले गेले. काऊन? चोराने गोळी घातली. काऊन घातली? अंधाऱ्या गल्लीत एकटे सापडले. गल्लीत काऊन गेले? सिनेमा सुटला, शॉर्टकट मारला. आता शेवटचा. गल्लीत अंधार काऊन?" इथे काकाजी चष्मा काढतात. "दिवा नव्हता ना बाप्पा! नगरपालिकेने एक ट्यूबलाइट लावली असती तर पोरगा आज बापाचा कारखाना पाहून राहिला असता."

त्यांचा बॅटमॅन दीड पानाचा आहे. 1939 पासून ज्या माणसावर जगाने कपाटंच्या कपाटं भरून लिहिलं, तो काकाजींच्या वहीत नगरपालिकेला अर्ज देतो, पाठपुरावा करतो, गल्लीत दिवा लागतो आणि प्रकरण हिरव्या पेनाने बंद होतं. स्पायडरमॅनचीही तीच गत. 1962 मध्ये किरणोत्सर्गाच्या प्रयोगात कोळी शिरतो आणि पीटरला चावतो, यात चमत्कार काय ते त्यांना दिसतच नाही, "प्रयोग चालू असताना हॉलमध्ये कोळी? सेफ्टी ऑफिसर झोपून राहिला होता काय?" एवढंच दिसतं. सुपरमॅनच्या ग्रहाचा स्फोट होणार हे त्याच्या शास्त्रज्ञ बापाने मोठ्या लोकांना आधीच सांगितलं होतं, कुणी ऐकलं नाही. त्यावर काकाजींचा लाल शेरा: 'मीटिंगचे मिनिट्स काढले नाहीत.'

यातली अडचण तुमच्या लक्षात आली असेल. काकाजी दुरुस्ती इतकी पक्की करतात की नंतर सुपरहिरोला कामच उरत नाही. खलनायक जन्मायच्या आधीच त्याचं कारण मिटलेलं असतं. गोष्टीच्या शेवटी एकामागून एक धडधाकट माणसं झगे घालून बेकार उभी. मग काकाजींनाच त्यांची दया येते आणि ते त्यांना कुठेतरी चिकटवतात. त्यांचा सुपरमॅन सध्या बंदरात तात्पुरत्या तत्त्वावर आहे आणि कायम होण्याची वाट पाहतो आहे.

सुपरमॅनबद्दल त्यांच्या मनात एक वेगळाच हळवा कोपरा आहे, आणि तो त्याच्या ताकदीमुळे नाही. जेरी सीगल आणि जो शस्टर या दोन पोरांनी सुपरमॅन घडवला आणि 1938 मध्ये 130 डॉलरला त्याचे हक्क विकून टाकले. पुढे कंपनीने त्यावर डोंगराएवढा पैसा केला आणि हे दोघे कोर्टाच्या पायऱ्या चढत राहिले. 1975 मध्ये, बोभाटा झाल्यावर, त्यांना वर्षाला 20,000 डॉलरची पेन्शन बांधून मिळाली. हे नातवाने कुठेतरी वाचून सांगितलं तेव्हा काकाजींनी जेवणाचं ताट बाजूला सारलं. "सदतीस वर्षं! आणि तो पोट्टा उडून राहिला होता एवढी वर्षं, त्याले एकदा कंपनीच्या गेटवर उतरता आलं नाही?" त्या रात्री वहीत सुपरमॅन उतरला. कुणालाही न मारता, एकही काच न फोडता तो गेटसमोर मांडी घालून बसला आणि मालकाने बाहेर येऊन सही करेपर्यंत उठला नाही. माझ्या मते काकाजींची ही सगळ्यात चांगली गोष्ट आहे. यात सुपरमॅन प्रथमच कुणासाठी तरी नीट उपयोगी पडला आहे.

पण त्यांचा खरा जीव वेताळावर. 1964 मध्ये टाइम्सवाल्यांनी इंद्रजाल कॉमिक्स काढलं, ते मराठीतूनही यायचं, आणि भंडाऱ्याच्या एस.टी. स्टँडवर ते विकत घ्यायचे पैसे नसल्यामुळे काकाजींनी ते उभ्याउभ्या वाचलं. कवटीची गुहा, जबड्यावर उमटणारा अंगठीचा छाप, पिढ्यान्‌पिढ्या बापाकडून मुलाकडे जाणारा बुरखा. कपाटात जुने अंक अजून आहेत, प्लॅस्टिकमध्ये, नॅप्थलीनच्या गोळ्यांसकट. वेताळाला ते हात लावणार नाहीत असं आम्हाला वाटायचं. पण प्रेम असलं म्हणून माणूस दोष काढायचा थांबतो थोडाच? उलट इथे त्यांचा पेन जास्त चालतो.

मुख्य तक्रार लग्नाची. लेखक ली फॉक यांनी 1936 मध्ये वेताळ आणला तेव्हाच डायना गोष्टीत होती. लग्न लागलं 1977 मध्ये. "एक्केचाळीस वर्षं! पोरीच्या मायले काय सांगत असन हा?" काकाजींच्या आवृत्तीत बघण्याचा कार्यक्रम रीतसर होतो. डायनाची आई गुहा बघायला येते. नळ कुठे आहे विचारते. जावईबापू घरात तरी बुरखा काढतील का, हेही विचारते. हे सगळं मार्गी लागून तीन महिन्यांत लग्न होतं आणि पंगतीत जंगलातले सगळे ठेंगू लोक वडाभात खातात.

मी एकदा म्हटलं, काकाजी, दुसऱ्याच्या गोष्टीत इतका हात घालावा का? त्यावर जे ऐकावं लागलं ते इथे थोडक्यात देतो. मूळ गोष्टीत वेताळाच्या मुलखाचं नाव बंगालसारखं लागायचं. आपल्या वाचकाला तो शेजारचा बंगाल वाटेल म्हणून इंद्रजालवाल्यांनी त्याचं डेंकाली करून टाकलं, आणि सिंग नावाच्या समुद्री चाच्यांचे सिंगा केले. म्हणजे छापणाऱ्यानेच रीवर्क केलं. कर्णाचं काय? व्यासांनी एक कर्ण दिला, शिवाजी सावंतांनी 1967 मध्ये 'मृत्युंजय' लिहून त्यालाच बोलायला लावलं, आणि घराघरांत रडारड झाली. तेव्हा कुणी विचारलं का, की हात का घातला? आणि झाडीपट्टी? दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरायची, रात्रभर नाटक चालायचं, काकाजी पोत्यावर बसून बघायचे. गर्दी पेंगायला लागली की खलनायक मध्येच गावच्या सरपंचावर बोलायला लागायचा. "वडसाच्या मंडळीनं एका रात्रीत जेवढं बदललं, तेवढं अमेरिकेवाल्यांना पन्नास वर्षांत नाही जमलं."

अमेरिकेवाल्यांनाही तशी खोड आहे, हे मान्य करायला हवं. सुपरमॅनचं यान कॅन्ससऐवजी सोव्हिएत युक्रेनच्या सामुदायिक शेतात पडलं असतं तर, अशी एक अख्खी मालिका त्यांनी 2003 मध्ये काढली. 2004 मध्ये तर स्पायडरमॅन मुंबईत आला. पवित्र प्रभाकर नावाचा गरीब पोरगा, त्याला शक्ती कोळ्याकडून नाही तर एका साधूकडून मिळते, आणि अंगावर धोतर. नातवाने मोठ्या उत्साहाने ते चित्र दाखवलं. काकाजींनी भिंग लावून बराच वेळ पाहिलं.

"काष्टा दाखव."

"काय?"

"भिंतीवर चढून राहिला ना हा? मग काष्टा कुठं खोचला ते दाखव. दुसऱ्या मजल्यावर धोतर सुटते याचं."

शेरा: रीवर्क. पुढच्या पानावर पवित्र प्रभाकरला पैलवानी काष्ट्याची चार टप्प्यांची आकृती काढून दिलेली आहे, बाणांसह.

आता चहावाल्याकडे येतो, कारण काकाजींचं निम्मं वाङ्मय तिथे घडतं. कत्तिवाक्कमच्या रस्त्यावर त्याची टपरी आहे. तो काकाजींच्याच वयाचा, आणि त्याचा देव म्हणजे इरुंबुक्कै मायावी. मुंबई-पुण्याकडे हे नाव कुणाला माहीत नसेल, पण तमिळ मुलखातल्या एका पिढीला विचारा. 1962 मध्ये इंग्लंडच्या एका साप्ताहिकात पोलादी पंजाचा एक माणूस आला. विजेचा झटका बसला की तो अदृश्य व्हायचा, फक्त पंजा दिसत राहायचा. इंग्लंड त्याला पुढे विसरलं. 1972 मध्ये शिवकाशीच्या मुत्तु कॉमिक्सने तो तमिळमध्ये आणला आणि फटाक्यांच्या आणि कॅलेंडरांच्या त्या गावातून तो घराघरांत गेला. चहावाल्याने त्याच्यापायी लहानपणी एकदा घरातल्या प्लगमध्ये बोट घातलं होतं.

काकाजी आणि तो, या दोघांची समाईक भाषा म्हणजे शॉप फ्लोअरची हिंदी, मोडकी तमिळ आणि भरपूर हातवारे. पहिल्याच दिवशी काकाजींनी विचारलं, "झटका किती व्होल्टचा?" चहावाला गप्प. "आणि हात दिसते ना? मग दुश्मनाने हाताच्या दीड फूट बाजूले गोळी मारावी. विषय संपला." चहावाल्याने काही न बोलता काकाजींच्या चहात साखर घातली नाही. पुढे कित्येक दिवस घातली नाही.

समेट रावणामुळे झाला. काकाजी कर्णाचं कौतुक सांगत होते, तेव्हा चहावाला म्हणाला, तुम्ही कर्णाचं काय सांगता, आमच्याकडे पुलवर कुळन्दै यांनी रावणालाच नायक करून 'रावण काव्यम्' लिहिलं, 1946 मध्ये. सरकारने 1948 मध्ये बंदी घातली, ती 1971 मध्ये उठली. काकाजी एकदम उभेच राहिले. रीवर्क केल्याबद्दल सरकारी बंदी, तीही तेवीस वर्षं! इतका मान आपल्या कामाला कधी मिळेल असं त्यांना स्वप्नातही वाटलं नव्हतं. त्या दिवशी चहात साखर आली.

एकच गोष्ट त्यांनी हसत लिहिली नाही. डिसेंबर 2023 मध्ये मिचाँग वादळाच्या पुराबरोबर एन्नोरच्या खाडीत तेल पसरलं. होड्या काळ्या, जाळी काळी, बगळे काळे. काकाजी रोज सकाळी जाऊन उभे राहायचे आणि घरी येऊन काकूंशीही बोलायचे नाहीत. त्या आठवड्याचं पान मी पाहिलं आहे, तसंच देतो.

'06:20. ॲक्वामॅन खाडीच्या तोंडाशी हजर. पाण्यात उतरण्यास नकार.

06:45. सुपरमॅनने फुंकर मारून तेल लोटले. तेल पलीकडच्या गावच्या जाळ्यांत गेले. काम थांबवले.

07:10. दोघांना प्रत्येकी एक मग व एक बादली देण्यात आली.

07:15. मग कसा धरावा याचे प्रशिक्षण सुरू. प्रशिक्षक: मच्छीमार.'

मच्छीमार त्या वेळी खरोखरच मगांनी आणि बादल्यांनी तेल उपसत होते. चहावाला पान बघून म्हणाला, 2017 मध्ये बंदराबाहेर दोन जहाजं आदळली होती तेव्हाही बादल्याच होत्या सार. पानाच्या तळाशी पाच काऊन आखलेले आहेत. चार भरलेत. पाचव्यासमोर त्यांनी काही लिहिलेलं नाही, आणि विचारलं तर विषय बदलतात.

आता आमची धाकटी. ती नऊ वर्षांची आहे आणि सुट्टीच्या दुपारी काकाजींकडे पडीक असते. दीड पानाचा बॅटमॅन तिने एकदा शांतपणे वाचला, लाल पेन मागितला आणि शेवटच्या ओळीखाली लिहिलं, 'पण रात्री लाइट गेली.' काकाजी बघतच राहिले. चेन्नईच्या उन्हाळ्यात वाढलेल्या पोरीला ट्यूबलाइटच्या पुढचं दिसतं. "इन्व्हर्टर बसवू," काकाजी म्हणाले. 'इन्व्हर्टरची बॅटरी चोरीला गेली.' "वॉचमन ठेवू." 'वॉचमनच चोर होता.' झाली ना गोष्ट सुरू! संध्याकाळपर्यंत बॅटमॅन पुन्हा कामावर रुजू झाला आणि काकाजींच्या चेहऱ्यावर असा आनंद होता, की आपला माल परत आल्याचं एवढं सुख क्वालिटीच्या माणसाला होऊ शकतं हे मला नवीन होतं. तेव्हापासून 'मंजूर'चा मोकळा चौकोन तिच्याकडे आहे. ती सहसा सही करत नाही.

काकूंनी आयुष्यात एकच शेरा दिला. दसऱ्याच्या आवराआवरीत सगळ्या वह्या खाली काढल्या, पुसता पुसता चाळल्या आणि म्हणाल्या, "एवढी माणसं आहेत, यात कोणी जेवून नाही राहिलं." काकाजींनी सगळ्या वह्या पुन्हा काढल्या. आता प्रत्येक लॉगमध्ये 13:00 ते 13:30 लंच आहे. वंडर वुमन डबा आणते. हल्क दोन वेळा भात घेतो, आणि त्यानंतरचा त्याचा राग पुष्कळ कमी झाल्याचं हिरव्या पेनाने नोंदवलेलं आहे.

सध्या टपरीवर मोठं काम चालू आहे: वेताळ आणि मायावी यांची एकत्र गोष्ट. दोन भाषा, दोन म्हातारे, एक लाँगबुक. पुलिकतच्या बाजूला गुहा ठरली. तिकडे एकही डोंगर नाही हे चहावाल्याने सांगितल्यावर गुहा रद्द होऊन पडकं दीपगृह आलं. खलनायक कोण यावर महिनाभर वाद झाला, कारण जो सुचेल त्याला पाच काऊन विचारले की तो बिचारा निर्दोष सुटायचा. शेवटी मारामारी नकोच, दोघांची नुसती भेट होऊ द्या, असं ठरलं. भेट अर्थात याच टपरीवर. वेताळ दूध मागतो, मायावी चहा. मग चहावाल्यालाच शंका आली. उठताना याने स्वतःला झटका लावून घेतला आणि अदृश्य झाला तर? उधारी कुणाच्या नावावर मांडायची?

काकाजींनी चष्मा काढला. इतक्या दिवसांचा हिशोब त्यांना चुकता करायचा होता.

"हात दिसते ना त्याचा?" ते म्हणाले. "धरा तो हात. आणि गल्ल्यापर्यंत आणा."